पाहुणे येतात, मुलं उठून जातात: करिअर मेळावा आखायचा कसा?

प्रश्न: कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमचं कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालय आहे. करिअर मार्गदर्शन कक्षाचं काम माझ्याकडे आहे. गेल्या जानेवारीत चार पाहुणे बोलावून दिवसभराचा कार्यक्रम घेतला. सकाळी सभागृह भरलं होतं, जेवणानंतर सत्तर मुलंही उरली नाहीत. पहिलं भाषण तासभर उशिरा सुरू झालं, एका वक्त्याने स्वतःच्या क्लासची जाहिरात केली आणि 'काही प्रश्न?' म्हटल्यावर एकही हात वर झाला नाही. यंदा प्राचार्य म्हणतात, येत्या जानेवारीत दोन दिवसांचा कार्यक्रम करा, एखादा मोठा वक्ता आणा. पंचवीस हजार रुपये मंजूर आहेत. कुणाला बोलवावं आणि मुलं बसतील कशी, ते सांगाल का?
– एक प्राध्यापिका

उत्तर: मॅडम, दोन दिवसांचा घाट घालू नका. अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम करा, दुपारी दीडला संपवा आणि एका मोठ्या वक्त्याऐवजी सहा कामाची माणसं बोलवा. प्राचार्यांना हे पटवायला कारणं लागतील, म्हणून ती सविस्तर लिहिली आहेत.

मुलं कंटाळली म्हणून गेली, असं लगेच धरून चालू नका. तालुक्याच्या महाविद्यालयात आसपासच्या गावांतून एसटीने येणारी मुलं पुष्कळ असतात. दुपारची गाडी चुकली की पुढची थेट संध्याकाळी. मुलींना घरी उशीर चालत नाही. डबा खायला बाहेर पडलेलं पोर परत सभागृहात येण्याऐवजी स्टँडकडे वळतं. तेव्हा तारीख ठरवण्याआधी तुमच्या मुलांच्या मुख्य चार-पाच मार्गांवरच्या गाड्यांच्या वेळा स्टँडवरून लिहून आणा. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा तुमच्या गावचा वार कोणता, ते महावितरणच्या कार्यालयात विचारा. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिकं कोणत्या वारी दुपारी असतात, तेही बघा. एवढं केलं तरी निम्मी गळती थांबते.

दुसरं कारण सभागृहाचं. चारशे मुलांपुढे एक वक्ता तासभर बोलतो, तेव्हा त्यातल्या तीनशेंचा त्या विषयाशी काही संबंध नसतो. बीए मराठीच्या मुलीने सीएच्या परीक्षेबद्दल ऐकून काय करायचं? आणि चारशे जणांसमोर उभं राहून 'सर, पगार किती मिळतो?' विचारायची हिंमत तिच्यात कुठून येणार? म्हणून सभागृह फक्त सुरुवातीच्या पंधरा मिनिटांसाठी वापरा. बाकी सगळं वर्गखोल्यांत.

मांडणी अशी करा. चार खोल्या, प्रत्येकीत पन्नास मुलं, पंचेचाळीस मिनिटांच्या तीन फेऱ्या. वक्ते सहा, प्रत्येकाचं बोलणं दोनदा. वक्त्यांना अ, ब, क, ड, इ, फ म्हणू. पहिल्या फेरीत अ, ब, क, ड. दुसरीत अ, ब, इ, फ. तिसरीत क, ड, इ, फ. बारा तासिका होतात, प्रत्येक मुलाला तीन माणसं भेटतात आणि दोनशे मुलांची सोय होते. याचा आणखी एक फायदा आहे. लांबून येणाऱ्याला इ किंवा फ मध्ये घाला, म्हणजे त्याची गाडी रखडली तरी तुमच्या हातात तासभर असतो. ज्याला लवकर परतायचं आहे, त्याला अ किंवा ब मध्ये. वेळा: १०.३० ला सभागृहात, १०.५० ते ११.३५ पहिली फेरी, ११.४५ ते १२.३० दुसरी, मग पंधरा मिनिटं चहा, १२.४५ ते १.३० तिसरी. चहाची सुट्टी तिसऱ्या फेरीच्या आधीच ठेवा. जेवणाची सुट्टी ठेवूच नका.

दोनशे मुलं कोणती? द्वितीय आणि तृतीय वर्षाची. शंभर-शंभर घ्या. द्वितीय वर्षाच्या मुलांना निम्मी जागा द्यायलाच हवी, कारण काही ऐकून त्यानुसार पाऊल उचलायला त्यांच्यापाशी अजून वेळ असतो. तृतीय वर्षाच्या मुलाला जानेवारीत सांगून उपयोग फारसा होत नाही, तोवर तो परीक्षेच्या आणि प्रकल्पाच्या गडबडीत असतो.

आता महिना. तुमच्या भागात जानेवारी हा मुळातच चुकीचा महिना आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की प्रयोगशाळेतल्या केमिस्टपासून शेती अधिकाऱ्यापर्यंत सगळे पाळीत अडकतात. स्नेहसंमेलन आणि एनएसएसचं शिबिरही डिसेंबर-जानेवारीतच येतं. सीएंना जुलैअखेर विवरणपत्रांची आणि सप्टेंबरअखेर लेखापरीक्षण अहवालांची घाई असते, शिवाय मुदतवाढ मिळाली की गर्दी पुढे सरकते, तेव्हा त्यांना फोन करूनच तारीख धरा. बँकेच्या माणसाला मार्च आणि एप्रिलमध्ये हात लावू नका. महसूल किंवा पोलीस खात्यातला अधिकारी निवडणूक आणि सणासुदीच्या बंदोबस्तात मिळत नाही. हे सगळं जुळवलं की तुमच्यासाठी ऑगस्टचा तिसरा-चौथा आठवडा उरतो. त्याआधी नको, नदीकाठच्या गावांना २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर विसरता येत नाही. कार्यक्रमाच्या वर्षी गणपती ऑगस्टअखेरीस बसत असतील, तर एक आठवडा आधी घ्या.

वक्ते ठरवण्याआधी मुलांना विचारा. निमंत्रणं पाठवायच्या तीन आठवडे आधी एका तासिकेत कोऱ्या कागदावर तीन प्रश्न, दहा मिनिटं, नाव ऐच्छिक: पदवीनंतर काय करायचं ठरवलं आहे? कोणतं काम करणाऱ्या माणसाला भेटायला आवडेल? कशाची अडचण वाटते? मोबाइलवरच्या फॉर्मपेक्षा हे बरं, कारण फॉर्म तीस मुलं भरतात आणि तीही नेहमीचीच. कागद वाचायला दोन संध्याकाळी जातील, पण त्यात 'घरचे पुण्याला पाठवत नाहीत', 'इंग्रजी येत नाही', 'एमपीएससी करायची आहे पण किती वर्षं?' असं जे लिहिलेलं असतं, त्यावरून कुणाला बोलवायचं ते आपोआप ठरतं.

सहा जणांत निदान तीन तुमचेच माजी विद्यार्थी असू द्या, आणि तेही पदवी घेऊन तीन ते सहा वर्षं झालेले. वीस वर्षांपूर्वी पास झालेला मोठा अधिकारी आदरणीय खराच, पण त्याच्या वेळची वाट आज तशीच नाही. उदाहरण घ्या. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पूर्वीच्या, मुख्यतः बहुपर्यायी परीक्षेतून आलेला वक्ता अनुभव खरा सांगेल, पण अभ्यासाची रीत जुनी सांगेल. तीन वर्षांपूर्वी बीएस्सी करून औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात लागलेली मुलगी पहिला पगार, भाड्याची खोली, मुलाखतीत विचारलेलं टायट्रेशन, सगळं आकड्यांसकट सांगते. मागच्या बाकावरची मुलगी तेव्हा वहीत लिहायला लागते. माजी विद्यार्थ्यांची यादी कार्यालयात धड नसेल, तर जुन्या वर्गांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश टाका. त्यात 'करिअर मार्गदर्शन' वगैरे लिहू नका. 'आपल्या बीकॉमच्या मुलांना तुझं काम अर्ध्या तासात सांगशील का?' एवढं पुरे.

चौथा माणूस नोकरी देणारा हवा: जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचा मनुष्यबळ अधिकारी, पतसंस्थेचा व्यवस्थापक, पॅथॉलॉजी लॅबचा मालक. तो आल्यावर त्याला एकच गोष्ट खोलात सांगायला लावा: अर्ज बाजूला कशावरून पडतात. पाचवा स्वतःचा धंदा करणारा आणि जमल्यास त्याच्यासोबत जिल्हा उद्योग केंद्राचा, आरसेटीचा (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा) किंवा जिल्हा अग्रणी बँकेचा माणूस. ही कार्यालयं असे कार्यक्रम करतात, सहसा मानधन मागत नाहीत. अडचण एवढीच की योजनांची यादी वाचून दाखवली जाते आणि मुलं पेंगतात, म्हणून व्यावसायिकाला आधी बोलू द्या आणि मग अधिकाऱ्याला त्या व्यावसायिकाच्या कर्जाचं प्रकरण टप्प्याटप्प्याने उलगडायला सांगा.

सीएबद्दल ऐकायची मागणी बीकॉमकडून येणारच. वरिष्ठ सीएऐवजी आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, करणारा विद्यार्थी बोलवा. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली, आणि पदवीनंतर सीएच्या इंटरमीडिएट टप्प्याला थेट प्रवेशासाठी वाणिज्य शाखेला ५५ टक्के, इतरांना ६० टक्के लागतात, हे तुमच्या मुलांना बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. द्वितीय वर्षाच्या मुलाला ५५ टक्क्यांचा आकडा आत्ता कळला तर तो अजून गाठता येतो.

स्पर्धा परीक्षेचं काय करायचं? वगळू नका, सगळ्यांत जास्त गर्दी त्याच खोलीत होईल, तेव्हा मोठी खोली द्या. पण तिथे एकाऐवजी दोन माणसं बसवा: अलीकडे निवड झालेला एक, आणि काही वर्षं तयारी करून थांबलेला व आता दुसऱ्या कामात स्थिरावलेला एक. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. हे गणित मुलांसमोर कुणीतरी मांडायलाच हवं, आणि ते नाउमेद करण्यासाठी नव्हे. किती वर्षं द्यायची, वयाच्या कितव्या वर्षी थांबायचं, तोवर हाताशी दुसरं काय ठेवायचं, हे ठरवून उतरलेलं मूल पुढे सावरतं. न ठरवता उतरलेलं तिशीपर्यंत पुण्याच्या अभ्यासिकेत अडकून राहतं आणि घरी तोंड दाखवायला लाजतं.

क्लासवाल्यांचे फोन यंदाही येतील: वक्ता फुकट, चहा आमचा, फलकही आमचा. चांगले शिक्षक त्यांच्यातही आहेत, पण बोलवायचंच असेल तर तीन अटी पत्रात लिहून द्या. पत्रकं वाटायची नाहीत, क्लासचं नाव परिचयात एकदाच येईल, आणि मुलांचे मोबाइल नंबर गोळा करायचे नाहीत. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. 'फीडबॅक फॉर्म' म्हणून फिरवलेल्या कागदावरचे दोनशे नंबर हीच त्यांची खरी कमाई असते, आणि पुढे वर्षभर फोन मुलांना येतात. हजेरीपट महाविद्यालयाचाच वापरा आणि तो खोलीबाहेर जाऊ देऊ नका.

निमंत्रण आधी फोनवर, मग प्राचार्यांच्या सहीचं पत्र, पाच आठवडे आधी. छापील साच्यातलं 'आपले अमूल्य मार्गदर्शन लाभावे' एवढ्यावर थांबलात, तर वक्ता त्याचं नेहमीचं प्रेरणादायी भाषण घेऊन येईल आणि दोष त्याचा नसेल. पत्रात हे स्पष्ट लिहा: 'समोर बीएस्सी द्वितीय व तृतीय वर्षाची पन्नास मुलं असतील, बहुतेक ग्रामीण भागातली. मराठीत बोलावं. पंचवीस मिनिटं बोलणं, वीस मिनिटं प्रश्न. हेच सत्र दोनदा होईल. कृपया पाच गोष्टी सांगाव्यात: पदवीनंतरचं तुमचं पहिलं वर्ष कसं गेलं, सुरुवातीचा पगार किंवा उत्पन्न किती होतं, तिथवर पोचायला फी आणि वेळ किती लागला, कामाचा एक साधा दिवस कसा असतो, आणि विद्यार्थ्याने या महिन्यात करावी अशी एक कृती.' ही शेवटची कृती त्यांच्याकडून आठवडाभर आधी लिहून मागवा. ज्याला ती सुचत नाही, त्याच्याशी फोनवर दहा मिनिटं बोला.

आठवण दहा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि आदल्या संध्याकाळी. सरकारी अधिकाऱ्याला ऐन वेळी बैठक लागते, म्हणून त्यांच्याकडून पर्यायी नाव आधीच घ्या. शिवाय गावातलाच एक सातवा वक्ता हाताशी ठेवा, त्याला 'राखीव' आहात हे मोकळेपणाने सांगून. माणसं याचा राग धरत नाहीत. ऐन सकाळी धावत बोलावलं तर धरतात.

पीपीटी असेल तर आदल्या दिवशी पीडीएफ मागवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या मराठी स्लाइड दुसऱ्या लॅपटॉपवर उघडल्या की पडद्यावर नुसती गिचमीड दिसते, आणि ती सुधारण्यात पंधरा मिनिटं जातात. पन्नास मुलांच्या खोलीत माइकची गरज नाही. पंखे जुने आणि खडखडणारे असतील तर ते आधी दुरुस्त करून घ्या, माइक नसण्यापेक्षा त्यांच्या आवाजाने जास्त नुकसान होतं.

आता औपचारिक भाग, कारण तासभराचा उशीर तिथेच झाला असणार. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रत्येकाचा सत्कार, प्रत्येकाचा परिचय, अध्यक्षीय मनोगत, आभार, असं सगळं रांगेने केलं की पाऊण तास सहज जातो, आणि पाहुण्यांची वाट बघण्यात गेलेला वेळ वेगळाच. सत्कार स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी करा, फोटो तिथेच काढा. शाल-श्रीफळाऐवजी एक चांगलं पुस्तक द्या. सभागृहात प्रतिमापूजन, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचं पाच मिनिटांचं मनोगत आणि खोल्यांची सूचना, बस्स. संस्थेच्या मंडळींना हे आठवडाभर आधी प्रत्यक्ष भेटून सांगा आणि बोलण्याचा मान पहिला त्यांनाच द्या. शेवटी ठेवलेलं अध्यक्षीय भाषण लांबतं, सुरुवातीचं आवरतं. एखादा पाहुणा आला नसला तरी १०.३० ला सुरू करा. परिचय खोलीत, चार ओळींत, विद्यार्थ्याने करून द्यायचा.

प्रत्येक खोलीत तीन स्वयंसेवक लागतात. एक दारापाशी, हजेरी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. एक वेळ सांभाळणारा, वक्त्याला दिसेल असा मागे उभा, हातात '१०', '५' आणि 'थांबा' लिहिलेले पुठ्ठे. पुठ्ठे दाखवले जातील हे वक्त्यांना चहाच्या वेळीच सांगितलं की कुणाला अपमान वाटत नाही. तिसरा चिठ्ठ्या गोळा करणारा.

चिठ्ठ्यांवर थोडं थांबायला हवं, कारण तुमचा एकही हात वर न आल्याचा प्रश्न त्यांनीच सुटतो. मुलं खोलीत शिरताना प्रत्येकाच्या हातात पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा कोरा कागद द्या. बोलणं संपल्यावर लगेच 'प्रश्न विचारा' म्हणू नका. तीन मिनिटं द्या आणि सांगा, शेजारच्याशी बोलून दोघांत मिळून एक प्रश्न लिहा, नाव नको. पंचवीसेक चिठ्ठ्या येतील. स्वयंसेवक सारखे प्रश्न एकत्र करतो आणि सात-आठ वाचून दाखवतो. यात पगाराचा प्रश्न येतो, जातीच्या दाखल्याचा येतो, 'घरचे लग्नाचं बघतात, तोवर काय करता येईल?' असाही येतो. हे प्रश्न हात वर करून कधीच येणार नाहीत. वाचणारा विद्यार्थी मात्र धीट निवडा, अडचणीचा प्रश्न गाळणारा नको. उरलेल्या चिठ्ठ्या फेकू नका, जपून ठेवा.

खोल्यांचं वाटप आदल्या आठवड्यातच करा. प्रत्येक मुलाकडून पसंतीक्रम घ्या आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी त्याच्या नावाची, तीन खोल्यांचे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्या. ऐन वेळी 'हवं तिथे बसा' म्हटलं तर स्पर्धा परीक्षेच्या खोलीत दीडशे मुलं आणि धंद्याच्या खोलीत नऊ, असं होतं.

पैशांचा हिशेब मांडून बघा. सहा जणांचं मानधन प्रत्येकी १,००० प्रमाणे ६,०००. बाहेरगावच्या तिघांचा प्रवास ४,५००. सव्वादोनशे-अडीचशे कप चहा आणि बिस्किटं ३,५००. पाहुणे आणि स्वयंसेवक धरून पंचवीस जणांचं जेवण ३,०००. पुस्तकं १,८००. एक फलक, चिठ्ठ्या, छपाई, झेरॉक्स २,५००. एकूण २१,३००. दर तुमच्या गावाप्रमाणे थोडे इकडे-तिकडे होतील. उरलेले पैसे पाठपुराव्याला ठेवा. प्रवासखर्चाचं पाकीट आणि व्हाउचर आदल्या दिवशी तयार ठेवा आणि पाहुणा निघण्याआधी त्याच्या हातात द्या. 'बिल पाठवा, बघतो' म्हणून परत पाठवलेला तरुण माजी विद्यार्थी पुन्हा येत नाही.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी लागणारी कागदपत्रं, म्हणजे नोटीस, सह्यांचा हजेरीपट, स्थळ-वेळ दाखवणारे फोटो आणि अहवाल, एका विद्यार्थ्याकडे सोपवा. मूल्यांकनात ती उपयोगी पडतात. पण हजेरी सुरुवातीलाच घ्या. शेवटी घेऊन मुलांना डांबून ठेवलं की पुढच्या वर्षी ती येतच नाहीत.

आणि पाठपुरावा, ज्यासाठी दोन दिवसांतला दुसरा दिवस वाचवायचा. पुढच्याच आठवड्यात संगणक प्रयोगशाळेत तीन दुपारी एकेक तास, वीस-वीस मुलं. सहा वक्त्यांनी लिहून दिलेल्या कृती फळ्यावर लिहा आणि मुलांकडून तिथेच करून घ्या. तृतीय वर्षाच्या मुलांना नॅट्स पोर्टल, म्हणजे केंद्र सरकारचं शिकाऊ उमेदवारीचं संकेतस्थळ, दाखवा. शिकाऊ उमेदवारी फक्त इंजिनिअरांसाठी असते हा समज पक्का आहे, पण बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्यांनाही तिथे जागा असतात. लोकसेवा आयोगाची एक जाहिरात छापून आणा आणि पात्रता, वय, पदसंख्या ओळीओळीने वाचायला लावा. एकेका पानाचा बायोडेटा तयार करून घ्या. जपून ठेवलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरंही इथेच द्या. ज्यांची उत्तरं तुम्हाला माहीत नाहीत त्या चिठ्ठ्या वक्त्याला पाठवा, तो दोन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवतो.

महिन्याने त्याच दोनशे मुलांना एकच प्रश्न विचारा: 'त्या दिवसानंतर तुम्ही काय केलं?' उत्तराचे पर्याय चार: फॉर्म भरला, माहिती काढली, घरी बोललो, काहीच नाही. तीस-चाळीस मुलांनी काही केलेलं निघालं तर कार्यक्रम चांगला झाला असं समजा. प्राचार्यांसमोर हाच आकडा ठेवा. आणि सहाही वक्त्यांना आभाराच्या छापील पत्राऐवजी त्यांच्या खोलीतून काय घडलं ते दोन ओळींत कळवा: 'तुमच्या सत्रातल्या सात मुलींनी त्या आठवड्यात बायोडेटा तयार केला, त्यातल्या दोघींना तुमच्या कंपनीचा पत्ता हवा आहे.' जानेवारीत प्राचार्यांना हवा असलेला दुसरा कार्यक्रम घ्यायचाच झाला, तर वक्त्यांची निम्मी यादी या पत्रांच्या उत्तरांतूनच तयार होईल.